सतरा माणसे, एक चूल आणि गॅसच्या पुस्तकावरचे नाव

२०२५च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या घरी दोन्ही वेळच्या पंगतीला सतरा पाने मांडली जात होती. त्या जेवणांविषयी लिहायला बसले, की फणसाच्या भाजीआधी मला गॅस एजन्सीच्या काउंटरसमोरची, एक पाय अधू असलेली प्लॅस्टिकची खुर्ची आठवते. त्या महिन्यात मी तिच्यावर एकूण किती तास काढले, याचा हिशेब मी मुद्दामच केलेला नाही.

मी डोंबिवलीत शिक्षिका असल्याने मेची सुट्टी पूर्ण मिळते आणि त्यामुळेच घरातले कोणतेही काम ‘तुला वेळ आहेच’ या न्यायाने माझ्याकडे येते. सासरे जाऊन दीड वर्ष झाले होते. गॅसची जोडणी मात्र त्यांच्याच नावावर होती आणि सासूबाई सासऱ्यांच्याच मोबाइलवरून सिलिंडरची नोंदणी करत असत. एप्रिलमध्ये त्या क्रमांकाचे रिचार्ज राहून गेले आणि तो बंद पडला. सासूबाईंना एकटीला चार-चार महिने पुरणारा सिलिंडर आम्ही सगळे येऊन धडकल्यावर ८ मेला, ऐन सकाळच्या घावनांच्या वेळी संपला. दुसऱ्या कोणाच्या मोबाइलवरून नोंदणी होईना. क्रमांक बदलून घ्यायचा एवढेच काम आहे, अशा समजुतीने मी दुसऱ्या दिवशी एसटीने तालुक्याला गेले.

तिथे कळले, की क्रमांक बदलायला ग्राहकाने स्वतः आधार घेऊन यावे लागते. ग्राहक हयात नाहीत, असे सांगितल्यावर खिडकीतल्या गृहस्थांनी मान वर न करता, ‘मग नाव बदलून घ्या, वहिनी’ असे म्हटले आणि पुढच्या माणसाचे पुस्तक हातात घेतले. काय काय आणायचे, असे विचारल्यावर ‘मृत्यूचा दाखला आणि आधार’ एवढेच उत्तर मिळाले. मी ते कागदावर लिहून मागायला हवे होते. माझी चूक असेल तर एवढीच, पण तिने माझे पाच हेलपाटे घडवले.

मध्ये रविवार आणि बुद्धपौर्णिमेची सुट्टी गेली. १३ तारखेला मी सासूबाईंना सोबत घेऊन, दाखला व आधार घेऊन गेले, तेव्हा जोडणी घेतानाची अनामत रकमेची मूळ पावती, जिला तिथे सगळे ‘एसव्ही’ म्हणतात, ती मागण्यात आली. सासऱ्यांनी ती कुठे ठेवली होती ते त्यांनाच ठाऊक. पावती हरवल्याचे प्रतिज्ञापत्र मुद्रांकावर करून आणा, असे सांगितले गेले. शंभराचा मुद्रांक ऑक्टोबर २०२४पासून चालत नाही, त्यामुळे पाचशेचा घ्यावा लागला. १६ तारखेला ते प्रतिज्ञापत्र पुढे केल्यावर त्याच गृहस्थांना आठवले, की बाकीच्या सगळ्या वारसांचे ना-हरकत पत्रही लागते, तेही मूळ सह्यांचे. फोनवर आलेला फोटो चालणार नाही. हे पहिल्याच दिवशी का सांगितले नाही, असे मी विचारले. ‘तुम्ही विचारलं नाहीत,’ असे उत्तर मिळाले. मी विचारले होते.

नशिबाने माझी नणंद १८ तारखेला बडोद्याहून मुलांना घेऊन येणारच होती. ती आली आणि दुसऱ्या दिवशी पडवीत विळीवर फणस चिरत बसली. माझे यजमान, दीर आणि नणंद अशा तिघांच्या सह्या एकाच कागदावर हव्या होत्या आणि यजमानांना संध्याकाळच्या गाडीने परतायचे होते, म्हणून मी घाईने कागद तिच्यापुढे धरला. तिने हाताला खोबरेल लावलेले होते, वर फणसाचा चीक. सही उमटली, पण शेजारी तेलाचा पारदर्शक गोल आणि त्याच्या कडेला चिकाची काळपट रेघही उमटली. कागद उजेडात धरला तर पलीकडचे माड दिसत होते. २० तारखेला खिडकीतून तो कागद मला परत करण्यात आला, कारण ‘स्कॅनला नीट येत नाही’. यजमान तोवर डोंबिवलीत पोहोचले होते. त्यांनी नवे पत्र सही करून, गावाकडे निघालेल्या एका शेजाऱ्याच्या हाती रातोरात पाठवले. फणसाची भाजी मात्र त्या दिवशी उत्तम झाली होती, हे नमूद केलेच पाहिजे.

तोवर आमचे सगळे मागच्या पडवीतल्या चुलीवर चालले होते. शेजारच्या काकूंकडे गॅस होता, पण त्यांच्याकडची चार माणसे आणि आमची तेरा अशी एकत्र चूल मांडायची, हे त्यांनीच दुसऱ्या दिवशी ठरवून टाकले; चहा त्यांच्याकडे, भात, भाकरी आणि आमटी आमच्याकडे. सकाळी मऊभात आणि मेतकूट, दुपारी फणसाची भाजी किंवा आठळ्या, म्हणजे फणसाच्या बिया, घातलेली आमटी, रात्री कुळथाचे पिठले आणि भात. आमरस रोज, कारण आंबे पिकून थांबत नाहीत. सोडणे, म्हणजे नारळाची वाळलेली सालपटे, आणि झावळ्या यांवर चूल पेटवायचे तंत्र मला तेवीस वर्षांच्या संसारात प्रथमच शिकावे लागले. सोडण पटकन भडकते आणि लगेच विझते, म्हणून भाताला आधण येईपर्यंत सोडणे आणि नंतर जाड लाकूड, हा क्रम जाऊबाईंनी मला दोनदा रागावून शिकवला.

२० तारखेनंतर पाऊस लागला तो थांबेचना. मान्सून मुंबईत पोहोचल्याचे २६ मेलाच जाहीर झाले. वाळत घातलेली आमसुले रातांब्याच्या आगळात, म्हणजे खारवलेल्या रसात, पुटे देऊन निम्मीच झाली होती. ती उचलून चुलीवरच्या फळीवर पसरावी लागली, आणि त्यांना आजही धुराचा वास येतो. लाकडे ओली झाल्यावर सतरा माणसांचा स्वयंपाक म्हणजे डोळ्यांतून पाणी काढणेच होते.

२२ तारखेला, पाचव्या फेरीला, अर्ज एकदाचा घेतला गेला. मी उठत असताना माझ्यामागच्या तरुणाला केवळ ओळखपत्र पाहून पाच किलोचा लहान सिलिंडर देण्यात आला. पत्त्याचा पुरावा लागत नाही, जुनी जोडणी लागत नाही. मी दोन आठवडे ज्या खिडकीसमोर बसत होते, त्याच खिडकीत तो मिळत होता. याविषयी त्या गृहस्थांशी मी जे बोलले, ते इथे लिहिण्यासारखे नाही. मीही एक घेतला आणि मांडीवर ठेवून रिक्षाने घरी आणला. तुमच्यावर अशी वेळ आली तर हा सिलिंडर पहिल्याच दिवशी मागा.

३० तारखेला सासूबाईंच्या नावाचे पुस्तक मिळाले. १ जूनला सगळे पांगले आणि २ जूनला, घरात आम्ही दोघीच उरलेल्या असताना, १४.२ किलोचा भरलेला सिलिंडर दारात आला. नोंदणीचा सांकेतिक क्रमांक आता माझ्या मोबाइलवर येतो. आणून देणाऱ्याला मी वजन करून दाखवायला लावले. रिकाम्या टाकीचे वजन तिच्यावरच छापलेले असते आणि तपासणीची मुदतही तिथेच एक अक्षर व वर्ष अशी असते, इंग्रजी ए म्हणजे जानेवारी ते मार्च, मग बी, सी, डी अशा पुढच्या तिमाह्या. जाता जाता त्याने शेगडीची नळीही पाहिली आणि पाच वर्षे उलटून गेल्याचे सांगून ती बदलायला लावली.

नव्या पुस्तकावर सासूबाईंच्या नावातले एक अक्षर चुकले आहे. दुरुस्तीचा अर्ज मी त्याच दिवशी आणून ठेवला होता; तो अजून मेतकुटाच्या डब्याखाली आहे.