निळ्यावर चढणारा निळा

पणजीच्या फोंताइन्हास या रंगीत घरांच्या जुन्या वस्तीत हल्ली सकाळी सातला गेलं तरी कुणीतरी आधीच पोझ घेऊन उभं असतं. पिवळ्या भिंतीला पाठ, नजर उगाचच आभाळाकडे. समोरचा मोबाइलवाला ‘थोडी डावीकडे’ करत भर रस्त्यात बसलेला. भिंतीच्या आत कुणी राहत असेल, दात घासत असेल, हे दोघांच्याही गावी नसतं.

आल्तिनोची टेकडी आणि उरेमची खाडी यांच्यामधला हा चिंचोळा पट्टा. मोझांबिकमध्ये पैसा कमावून परतलेल्या एका गोवेकराची इथे माडांची बागायत होती. १८४३ मध्ये पणजी राजधानी झाली तोवर इथे वस्ती वसू लागली होती. पांढरा रंग चर्च-चॅपेलचा. घरांनी दुसरा कुठलाही घ्यावा, असा पोर्तुगीज काळातला दंडक होता म्हणतात. सेंट सेबॅस्टियनचं चॅपेल आजही पांढरंशुभ्र आहे. आत जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यातून आणलेला क्रूस आहे, आणि त्यावरच्या येशूचे डोळे चक्क उघडे आहेत. बहुतेक कॅमेरे मात्र दारातूनच परततात.

मला विचाराल तर इथे यावं ते पाऊस ओसरल्यावर. पणजीत वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, त्यात कुठला रंग टिकणार? जोत्याजवळ हिरवट शेवाळ चढलेलं, खिडकीखाली पोपडे सुटलेले, पोपड्यामागून गेल्या खेपेचा फिकट गुलाबी डोकावणारा. मग घरोघरी शिड्या लागतात. रंगारी आधी पत्र्याने भिंत खरवडतो, धूळ झटकतो, आणि पावसाने खाल्लेल्या निळ्यावर नवा निळा चढवू लागतो. ओला रंग गडद दिसतो, वाळला की उतरतो. तासाभरासाठी एकाच भिंतीवर तीन निळे असतात. खिडक्या-दारांच्या पांढऱ्या कडा सगळ्यात शेवटी, हात न थरथरता. हा फोटो कुणी काढत नाही. शिडी मध्ये येते ना!

तशी फोटोवाल्यांची तक्रार तर सगळ्याबद्दलच असते. विजेच्या तारा नकोत, स्कूटर नको, दोरीवरचा टॉवेल नको. मला तो टॉवेल हवा असतो. नुसता रंग काय, रंगाच्या दुकानातल्या शेडकार्डावरही मिळतो. पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंगा वाजवत येतो, वरच्या मजल्यावरून पावाची ऑर्डर सुटते, तेव्हा कुठे त्या गॅलरीला अर्थ येतो.

काही दारांवर आता फोटो काढू नका म्हणून पाट्या लागल्या आहेत. लागणारच. दर सुट्टीत आपल्या पायरीवर अनोळखी नवरा-नवरी बसलेले कुणाला चालतील? तरी माणसं सोशीक. परवा एका आजींनी शूटवाल्या घोळक्याला शांतपणे सगळं आटपू दिलं आणि मग म्हणाल्या, “झालं ना बाबांनो? आता सरा, मला गाडी काढायची आहे.”