कोंब फुटलेल्या भाताचं अर्पण

आमच्या पश्चिम खानदेशातल्या ख्रिस्ती मंडळ्यांत वर्षातून दोनदा चर्चमध्ये बसायला जागा उरत नाही. एकदा नाताळाला आणि एकदा कापणीच्या सणाला. नाताळाला सुरतेकडे कामाला गेलेली पोरं घरी येतात. कापणीच्या सणाला मात्र शेतच चर्चमध्ये येतं. प्रभूच्या मेजासमोर भाताच्या लोंब्या, नागली, भुईमुगाचे डहाळे, मक्याची कणसं, काशीफळं, अंड्यांची टोपली आणि पाय बांधलेले कोंबडे येऊन पडतात. उपासना संपली की अंगणात लिलाव होतो. दहा रुपयांचं काशीफळ दोनशेला जातं, घेणारा ते पुन्हा अर्पण करतो आणि त्याचा पुन्हा लिलाव होतो. परक्या माणसाला हा खेळ वाटेल. पण बाजारात रुपया-रुपयासाठी घासाघीस करणारी माणसं या एका दिवशी भाव चढवत नेतात, हे मी वर्षानुवर्षं पाहत आलोय आणि दरवेळी मला ते नवं वाटतं.

मी पाळक, म्हणजे पाद्री आहे. साक्री तालुक्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरपट्ट्यात माझी मंडळी आहे. कोकणी, मावची, भिल्ल घरं, बाजाराला गेलं की सगळ्यांच्या तोंडी अहिराणी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कँडिनेव्हियन मिशनऱ्यांनी या मुलखात सुवार्तेचं काम सुरू केलं, तेव्हापासून काही घरांची चौथी-पाचवी पिढी आज बाकांवर बसते. शिकलेले नोकरीला लागले, बाहेर गेले. जे इथं राहिले ते बहुतेक कोरडवाहू शेतकरी. पाऊस हा त्यांच्यासाठी बातम्यांमधला विषय नसतो.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला होता. भात पिवळा पडला, कापणी झाली, कडपे वाळण्यासाठी शेतात आडवे टाकले. दोन उन्हं मिळाली असती तर खळ्यावर झोडणी सुरू झाली असती. आणि बुधवारी रात्री अवकाळी आला. दोन दिवस थांबलाच नाही. कापलेल्या भातावर पाणी साचलं की काय होतं ते ज्यानं पाहिलंय त्यालाच कळतं. पेंढा काळा पडतो, कुबट वास सुटतो आणि लोंबीतल्या दाण्याला तिथंच कोंब फुटतात. तो दाणा ना भरडायला चालत, ना विकायला, ना बियाण्याला ठेवायला. उभी तूर फुलावर होती, तिचाही फुलोरा झडला.

कापणीचा सण त्याच रविवारी होता.

शनिवारी संध्याकाळी मंडळीच्या वडिलांची, म्हणजे तिचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांची, बैठक झाली. बहुतेकांचं म्हणणं एकच: सण पुढे ढकलू. रिकाम्या हातानं यायला लोकांना लाज वाटेल. एक जण म्हणाले, "साहेब, आभार कशाचे मानायचे? आणि बाहेरगावचे पाहुणे येणार, त्यांच्यासमोर रडगाणं कशाला?" त्यांचा हेतू चांगला होता. त्यांना लोकांची लाज राखायची होती. पण मला ते पटलं नाही. पीक हातात आलं तरच देवासमोर उभं राहायचं, असं ठरवलं तर आपली उपासना आणि बाजारातला व्यवहार यात फरक काय राहिला? मी एवढंच म्हणालो की सण होईल. जो जे आणेल ते मेजासमोर ठेवू. कुणी काहीच आणलं नाही तर मेज रिकामं राहील, पण मंडळी जमेल.

रविवारी सकाळी चर्चच्या अंगणात वेगळीच गर्दी होती. तेव्हाच्या नियमाप्रमाणे पीकविम्याच्या नुकसानीची खबर 72 तासांच्या आत द्यावी लागायची, आणि पाऊस काही रविवार पाहून पडला नव्हता. शाळेमागच्या टेकडावर तेवढं नेटवर्क मिळतं. मी तरुण संघाच्या पोरांना पहाटेच तिथं बसवलं होतं. एकेका शेतकऱ्याचा गट नंबर, पावती, फोटो पाहून ती माहिती भरत होती. एका ज्येष्ठांना प्रभूच्या दिवशी हे आवडलं नाही. मी त्यांना शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या पवित्र दिवशी विहिरीत पडलेल्या बैलाची आठवण दिली. त्याला त्याच दिवशी बाहेर काढणार नाही का? प्रभू येशूनं तो प्रश्न परुश्यांना, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुद्यांना, विचारला होता आणि त्यांना उत्तर देता आलं नव्हतं. उपासना तासभर उशिरा सुरू झाली. शेजाऱ्याचा अर्ज भरून आलेली पोरं चिखलाच्या पायांनी आत आली, ती माझ्या मते उपासनेतूनच उपासनेत आली होती. आपली शरीरं जिवंत यज्ञ म्हणून अर्पण करा असं प्रेषित पौल रोमकरांना लिहितो. त्यात टेकडावर फोन धरून बसणंही येतं.

सुरुवातीला एक आजी जवळ आल्या. हळूच म्हणाल्या, "पाद्रीसाहेब, दशांश देण्यात आम्ही कमी पडलो का? म्हणून तर हे झालं नसेल?" दशांश म्हणजे उत्पन्नाचा देवाला द्यायचा दहावा भाग. हा प्रश्न त्या दिवशी अनेकांच्या मनात होता, त्यांनी तो बोलून दाखवला. मी आजींना तिथंच सांगितलं आणि मग उपासनेतही सगळ्यांसमोर सांगितलं. शिलोहाचा बुरूज कोसळून 18 माणसं मेली, तेव्हा ती इतरांहून अधिक पापी होती का, असं विचारून येशूनंच 'नाही' म्हटलं आहे. देवाला खूश ठेवण्यासाठी द्यायचं अर्पण ख्रिस्तानं वधस्तंभावर एकदाच आणि कायमचं दिलं. त्यात आपल्या पायलीभर भातानं भर पडत नाही आणि भात सडल्यानं ते कमीही होत नाही. आपण आणतो ते मिळालेल्या कृपेला दिलेलं उत्तर असतं. ख्रिस्ती माणसाच्या उपासनेत हे एक नीट समजलं नाही तर बाकी सगळं, गाणी, ढोलकी, उंचावलेले हात, भीतीपोटी केलेली धडपड होऊन बसतं.

गायन झालं, पापकबुली झाली. मग अर्पणाची वेळ आली.

लोक एकेक करून पुढे येऊ लागले. कुणी घरातलं जुनं तांदूळ आणलं होतं, कुणी अंडी, कुणी नुसते पैसे. नेहमीची लगबग नव्हती. शेवटी मागच्या बाकावरून एक चाळिशीचा माणूस उठला. खांद्यावर भिजलेलं पोतं होतं. त्यानं मेजासमोर ते ओतलं आणि कुबट वास पहिल्या रांगेपर्यंत पसरला. काळ्या पडलेल्या लोंब्या, त्यांतून बोटभर हिरवे कोंब. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "साहेब, हाई मन्हं यंदानं पीक शे." मग मंडळीकडे न पाहता, त्या ढिगाकडे पाहत बोलला की देवानं असं का केलं हे त्याला कळत नाही, त्याला राग आला आहे, आणि आज त्याच्या तोंडून स्तुती निघत नाही. कुणीतरी त्याला खाली बस म्हणालं. तेव्हा तो म्हणाला, "देवसमोर खोटं कसं बोलू? देवले नही सांगू ते कोणले सांगू?"

एक वडील उठले, पोतं उचलायला. मी त्यांना हातानं थांबवलं.

मी त्या दिवसासाठी बायबलमधल्या हबक्कूक या पुस्तकाचा तिसरा अध्याय तयार ठेवला होता. अंजिराचं झाड फुललं नाही, शेतात अन्न पिकलं नाही, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन, असं संदेष्टा म्हणतो. पीक गेल्यावर सगळे पाळक तोच उतारा काढतात. पण हबक्कूक ते स्वतःच्या तोंडानं बोलला, आणि त्याआधी 'परमेश्वरा, मी कोठवर ओरडू?' म्हणून दोन अध्याय देवाशी भांडला. ते भांडण वगळून शेवटची ओळ दुसऱ्याच्या हातात ठेवणं मला जमेना. मी बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा 26वा अध्याय उघडला.

पहिल्या उपजाचं अर्पण कसं करायचं ते तिथं सांगितलं आहे. इस्राएली माणूस टोपली घेऊन येतो, याजक ती वेदीपुढे ठेवतो आणि मग देणाऱ्यानं मोठ्यानं बोलायचं असतं. काय बोलायचं? माझा पूर्वज भटकणारा अरामी होता. तो मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये गेला. मिसऱ्यांनी आम्हांला छळलं, आमच्यावर बिगार लादली. आम्ही परमेश्वराला हाक मारली, त्यानं आमची हाक ऐकली, आमचे कष्ट पाहिले. भरल्या टोपलीसमोर उभं राहून आधी उपासमारीची आणि मारहाणीची गोष्ट सांगायची, असा देवाचाच नियम आहे. सण साजरा करताना दुःख दाराबाहेर ठेवून या असं तो कुठंही म्हणत नाही. मी मंडळीला सांगितलं की या भावानं आज जे केलं ते शास्त्राला धरून केलं. बायबलमधल्या 150 स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रं विलापाची आहेत. 88वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, त्याला आशेची शेवटची ओळसुद्धा नाही, आणि तरी ते हजारो वर्षं देवाच्या लोकांच्या उपासनेत आहे.

मग मी विचारलं, आणखी कुणाला बोलायचं आहे का. बराच वेळ कुणी उठलं नाही. नंतर एक बाई उठल्या, सोसायटीच्या कर्जाबद्दल बोलल्या. एका मुलीनं सांगितलं की बाप आता तिला कॉलेज सोडायला लावेल. एका म्हाताऱ्यानं पिकाचं नावच काढलं नाही, तो वारलेल्या मुलाबद्दल बोलला. मी मध्ये उपदेश केला नाही. प्रत्येकाच्या बोलण्यानंतर मंडळी एवढंच म्हणत होती, "प्रभू, दया कर." ढोलकीवाल्यानं ढोलकी बाजूला ठेवली होती. प्रवचनाला वेळ उरला नाही आणि त्याची गरजही उरली नव्हती.

त्यानंतर प्रभुभोजन, येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर वाटून घेण्याचा विधी. भाकरी हातात घेताना ज्या शब्दांनी सुरुवात होते ते मी शेकडो वेळा उच्चारले असतील: ज्या रात्री प्रभू येशूला धरून देण्यात आलं त्या रात्री त्यानं भाकर घेतली आणि उपकारस्तुती करून ती मोडली. त्याच रात्री! काही तासांत तो गेथशेमाने बागेत व्याकूळ होऊन प्रार्थना करणार होता. दुसऱ्या दिवशी वधस्तंभावर तो 22व्या स्तोत्राचा आक्रोश करणार होता, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? आभार आणि आक्रोश दोन्ही त्याच्याच तोंडचे, एका दिवसाच्या आतले. आपली उपासना ही त्याच्या उपासनेत सामील होणं आहे. ज्याच्या तोंडी आज आभार नाहीत त्याच्यासाठी ख्रिस्तानं आभार मानलेले आहेत, तो त्यांच्या आधारानं मेजाजवळ येऊ शकतो. पोतं ओतणारा भाऊ रांगेत शेवटी उभा होता. त्यानं भाकर घेतली. तो गायला नाही, आणि गा म्हणून त्याला कुणी टोकलंही नाही.

उपासनेनंतर व्हरांड्यात, पोतं उचलायला उठलेले ते वडील माझ्यावर नाराज होते. "साहेब, देवाच्या घरात देवावर राग? उद्या कुणीही उठून काहीही बोलेल. शिस्त राहील का?" त्यांची काळजी मी झटकून टाकली नाही. उपासनेला क्रम हवा, पौलही करिंथकरांना तेच लिहितो. विलाप कुरकुरीत बदलू शकतो, हेही मला माहीत आहे. इस्राएल लोकांनी रानात केली ती कुरकुर. पण ते तंबूत बसून देवाविषयी आपसात बोलत होते. स्तोत्रकर्ता देवाकडे तोंड करून बोलतो. जो माणूस राग घेऊनही उपासनेला आला त्यानं देवाकडे पाठ फिरवलेली नाही, उलट घरी बसून राहिला असता तर मला जास्त भीती वाटली असती. वडिलांना हे पूर्ण पटलं नाही. त्यांचं म्हणणं असं की अशा गोष्टी पाळकाच्या घरी बसून बोलाव्यात. आम्ही यावर आजही बोलतो.

लिलाव झाला, मात्र थोडा वेगळा. महिला मंडळानं आधीच सांगून टाकलं की यंदा जमेल ते सगळं हरभऱ्याच्या बियाण्याला. जमिनीत ओल होती, रब्बी साधण्यासारखी होती. अनुवादाच्या त्याच अध्यायात पुढे लिहिलं आहे की दशांश लेवी (मंदिरसेवा करणाऱ्या वंशाचा माणूस), उपरा, अनाथ आणि विधवा यांना द्यावा, म्हणजे ते जेवून तृप्त होतील. नोकरीवाल्यांनी अंडी आणि कोंबडे भरपूर भाव देऊन घेतले. कोंब फुटलेला भात लिलावात आला नाही, तो गुरांपुढेही टाकण्यासारखा नव्हता, खतात गेला. कोणाला किती बियाणं द्यायचं याची यादी महिला मंडळानंच केली. त्या भावानं आपलं नाव काढायला सांगितलं, बायकांनी काढलं नाही. मंगळवारी आम्ही पिंपळनेरहून हरभरा आणला आणि संध्याकाळपर्यंत घरोघर पोचवला.