मामॉची पणजी चेरोकी होती म्हणे

माझं सासर ईस्ट टेनेसीत, हॅनकॉक काउंटीत, स्नीडव्हिलच्या जवळ. समोर न्यूमन्स रिजचा लांबच लांब डोंगर आणि पलीकडे थोडं गेलं की व्हर्जिनिया. इथे आजीला मामॉ म्हणतात. लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं नवरा कुठल्या तरी मामाबद्दल बोलतोय, असो.

तर मामॉ आता ऐंशीच्या पुढे आहे आणि दर थँक्सगिव्हिंगला तिची एक गोष्ट ठरलेली. तिची पणजी चेरोकी, म्हणजे इथल्या मूळ अमेरिकन जमातीतली होती. 1838 साली सैन्य चेरोकींना हाकलून पश्चिमेला नेत होतं तेव्हा त्या पणजीची आई म्हणे गुहेत लपून बसली आणि मागे राहिली. "गालाची हाडं बघ माझी," हे वाक्य येतंच. आणि त्याच टेबलावर मामॉची चुलत बहीण तोंड वाकडं करून बसते कारण त्यांच्या घरात तीच बाई पोर्तुगीज, जहाज फुटलेल्या खलाशांच्या वंशातली! आता मी पडले वसईची, पोर्तुगीज म्हटल्यावर गप्प कशी बसणार, म्हटलं तुमच्या नातेवाइकांचा किल्ला आहे आमच्याकडे, कधी येताय बघायला. कोणी हसलं नाही.

मागच्या हिवाळ्यात बर्फामुळे घरात अडकले होते म्हणून फॅमिलीसर्च या वंशावळीच्या साइटवर शोधायला बसले. फुकट आहे आणि व्यसन लागतं, आधीच सांगते. हॅनकॉक काउंटी 1844 ला झाली, त्याआधीचे कागद बघायचे तर हॉकिन्समध्ये नाहीतर क्लेबोर्नमध्ये, म्हणजे घर जागचं हललं नाही पण काउंटी बदलली. त्यात शिरगणतीवाला कानाला जे ऐकू येईल ते लिहायचा, आमचं एकच आडनाव मला चार स्पेलिंगांत सापडलं. 1850 च्या आधी तर फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, बाकी बायका-पोरं म्हणजे नुसते आकडे.

पणजी सापडली 1850 मध्ये, वय वर्षं दोन. 1880 मध्ये नवरा आणि मुलं. 1900 मध्ये विधवा, पण आडनाव वेगळंच. मधला दुसरा नवरा कोण? 1890 ची शिरगणती बघावी तर ती 1921 ला वॉशिंग्टनच्या आगीत होरपळली आणि उरलेली पुढे नष्ट केली, जवळपास सगळीच गेली. घरात विचारलं तर तो केंटकीत खाणीत गेला आणि आलाच नाही, किंवा दारूच्या भट्टीवरून कोणीतरी गोळी घातली, किंवा असा कोणी नव्हताच. तीन माणसं, तीन उत्तरं, आणि तिघंही छातीठोक.

मग मिळाला अर्ज. 1906 नंतर पूर्वेकडच्या चेरोकींच्या वंशजांना सरकारकडून भरपाई मिळणार होती तेव्हा 45 हजारांच्या वर अर्ज गेले, त्यात पणजीच्या मुलाचाही. नामंजूर. एकटा तोच नाही, हजारोंचे झाले. मी लगेच निष्कर्ष काढून मोकळी, पैशासाठी रचलेली गोष्ट. नवरा म्हणाला थांब जरा, आणि ते बरंच झालं.

कारण 1850 च्या पानावर नावापुढे रंगाचा रकाना आहे. गोऱ्यांना तिथे काही लिहीत नसत, कोरा सोडत. पणजीच्या घरात सगळ्यांपुढे एम. म्हणजे म्युलॅटो, मिश्र. त्या डोंगरावर कॉलिन्स, मलिन्स, गोइन्स, गिब्सन अशा आडनावांच्या लोकांना मेलंजन म्हणायचे, शिवीच होती ती, मामॉ आजही तो शब्द उच्चारत नाही. टेनेसीने 1834 च्या राज्यघटनेत काळ्या आणि मिश्र लोकांचा मताचा हक्क काढून घेतला. पुढे 1840 च्या दशकात हॉकिन्समध्ये त्यांच्यातल्या काही पुरुषांवर बेकायदा मतदान केलं म्हणून खटले भरले. अशा वेळी शेजाऱ्याला, कोर्टाला, शाळेच्या मास्तरला काय सांगणार? सावळा रंग दिसतोच आहे, त्याला कारण हवं. पोर्तुगीज म्हणा, चेरोकी म्हणा, फक्त ते एक म्हणू नका. 2012 मध्ये या कुटुंबांच्या डीएनएवर अभ्यास आला, त्यात बापाकडच्या बऱ्याच ओळी आफ्रिकेकडे जात होत्या आणि आईकडच्या युरोपकडे. नवऱ्याची टेस्ट केली तर आफ्रिकन एक टक्का, चेरोकी शून्य. आता पाच पिढ्यांत एका पणजीचे सरासरी तीनच टक्के उरतात, त्यामुळे टक्क्यांवर मी फार भिस्त ठेवत नाही. पण तो एम काही डोक्यातून जाईना.

उन्हाळ्याच्या तोंडावर डेकोरेशन असतं इथे, सगळं खानदान रिजवरच्या आपल्या स्मशानात जमतं, गवत कापतात, थडग्यांवर फुलं ठेवतात आणि तिथेच पंगत. जुन्या थडग्यांना नाव वगैरे काही नाही, ओढ्यातला दगड आणून उभा केलेला. मामॉ काठी टेकत एकेका दगडापाशी थांबते आणि नावं सांगते, पाठ आहेत सगळी. पणजीच्या दगडापाशी आलो तेव्हा मला राहवलं नाही, मी फोनवर ते पान काढून तिच्या हातात दिलं.

तिने चष्मा वर केला, खाली केला, बोटांनी पान मोठं करायला मी शिकवलं. बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "हे एम म्हणजे मॅरीड असेल, हनी."

दोन वर्षांची होती ती तेव्हा. मी म्हटलं, "हो, असेल."

मामॉने फोन परत दिला, पिशवीतून प्लास्टिकची फुलं काढली, बाकीच्यांना एकेक दिलं होतं, हिच्या दगडाशी दोन खोचली आणि वळून ओरडली, बटाट्याचं सॅलड उन्हात कोणी ठेवलंय?