शंभरचं पेट्रोल

“शंभरचं टाक,” म्हणाला आणि मीटरवरून नजर हलवली नाही. सकाळी अंधेरीच्या पंपावर माझ्यापुढे एक डिलिव्हरीवाला पोरगा होता, एक लिटर व्हायच्या आतच आकडा थांबला, मग त्याने बाईक दोन्ही बाजूंना हलवली आणि टाकीला कान लावून आत किती खळखळतंय ते ऐकलं. शेजारच्या रांगेत मोठी एसयूव्ही, काच दोन बोटं खाली, “फुल कर”, माणूस फोनवरच.

मी सहज म्हटलं, किती महाग झालंय ना रे. तर तो पोरगा म्हणाला, “ताई, पेट्रोल कमी जाळायचं म्हणजे ऑर्डरी कमी घ्यायच्या.”

दिवसभर तेच डोक्यात. कारण मीच आजवर म्हणत आलेय की पेट्रोल-डिझेलवरचा टॅक्स वाढवा, त्याशिवाय लोक गाड्या काढायचे थांबणार नाहीत. मे २०२० मध्ये केंद्राने पेट्रोलवर लिटरमागे १० आणि डिझेलवर १३ रुपये वाढवले तेव्हाही मला ते बरोबरच वाटलं होतं. पण टॅक्स लिटरवर लागतो, माणूस बघून नाही.

आणि गाडी सोडून जायचं कशाने? बेस्टचं कमीत कमी तिकीट मे २०२५ मध्ये ५ चं १० झालं, म्हणजे ज्याने बस धरली त्यालाच डबल.

टॅक्स नकोच असं मी अजूनही म्हणणार नाही, इथली हवा काय झालीय ते मला आईच्या खोकल्यावरून रोज कळतं. पण तो पैसा जादा बसमध्ये, स्वस्त तिकिटात दिसायला नको का? तोपर्यंत बचत फक्त त्या पोरानेच करायची?