फोंड्याच्या छापखान्यात सर्व्हरवर फ्रीबीएसडी नव्याने टाकताना

मुंबईहून गोव्यातल्या फोंड्याला जायचं तर मडगावपर्यंत जाऊ नका, करमळीला उतरा. गाडी तिथे थांबते का, हे तिकीट काढतानाच बघा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकही वेगळं असतं. करमळीहून रिक्षाने जुनं गोवं गाठलं की पणजी-फोंडा बस मिळते, ती बाणस्तारी, मंगेशी, म्हार्दोळवरून जाते. चवथीच्या आठवड्यात मात्र जाऊच नका, छापखान्यात कोणी भेटणार नाही. लागणारा पेनड्राइव्ह, साटा केबल, साधा यूएसबी कीबोर्ड घरूनच न्या. दुपारी बरीच दुकानं बंद असतात आणि नेमकी तेव्हाच केबल लागते.

सर्व्हरवर फ्रीबीएसडी (युनिक्ससारखी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) १२ होती. तिचा आधार, म्हणजे दुरुस्त्या मिळणं, २०२३ अखेरीस संपला. वर चढवत १४ पर्यंत नेता आली असती, पण बूट डिस्क यूएफएस या जुन्या फाइल सिस्टीमवर होती आणि मला झेडएफएस या नव्या फाइल सिस्टीमचा मिरर, म्हणजे दोन डिस्कवर तीच प्रत, हवा होता. यूएफएस जागच्या जागी झेडएफएस होत नाही. म्हणून दोन नव्या एसएसडी घेऊन कोरी पाटी. जुनी बूट डिस्क पुसू नका, तारीख लिहून कपाटात ठेवा.

छापखान्याचे मालक भाऊ एवढंच म्हणाले, "दिवाळी अंकाची पानं ह्यात आहेत, तेवढी सांभाळा."

ती सांभाळायची तर निम्मं काम इन्स्टॉलर सुरू करण्याआधीचं. ईटीसी, यूएसआर-लोकल-ईटीसी ही सेटिंग्जची फोल्डरं आणि क्रॉनटॅब (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी) उचला. पीकेजी प्राइम-लिस्ट या आज्ञेने स्वतः टाकलेल्या पॅकेजांची यादी काढा. पोस्टग्रेस या डेटाबेसचं फोल्डर नुसतं कॉपी करून भागत नाही, पुढची मोठी आवृत्ती ते वाचत नाही. पीजी-डंपने बाहेर काढलेली प्रतच घ्या, आणि ती लॅपटॉपवर उतरवून दोन-चार नोंदी डोळ्यांनी बघा. न उघडलेल्या बॅकअपवर माझा विश्वास नाही.

मग डिस्क. इन्स्टॉलरमध्ये एडीए०, एडीए१ अशी नावं दिसतात, ती खण बदलला की बदलू शकतात. पेनड्राइव्हही डीए० म्हणून त्याच यादीत येतो. नावावर जाऊ नका. जिओम डिस्क लिस्ट या आज्ञेत आयडेंट म्हणून अनुक्रमांक दिसतो, तो कागदी पट्टीवर लिहून प्रत्येक डिस्कला चिकटवा. पानं वेगळ्या डिस्कवर, झेडएफएसच्या पूलमध्ये (डिस्कच्या गटात) होती. तो पूल झेडपूल एक्सपोर्टने सोडवून, मशीन बंद करून, त्या डिस्क चक्क बाहेर काढा. झेडएफएसच्या मेनूत आधी स्ट्राइप (डेटा डिस्कवर वाटलेला, दुसरी प्रत नाही) निवडलेलं असतं, ते बदलून मिरर करा. पुसण्याआधीच्या शेवटच्या इशाऱ्यात डिस्कची नावं येतात, ती मोठ्याने वाचा.

हे सकाळीच उरका. परतीच्या पावसात दुपारनंतर गडगडाट सुरू होतो, वीज जाते. यूपीएसची बॅटरी आदल्या दिवशी तपासा.

पॅकेजं चढल्यावर मशीन बंद करून एक एसएसडी काढा आणि दुसरीवरून बूट होतं का बघा. मग दोन्ही लावून झेडपूल स्टेटसमध्ये रिसिल्व्हर (मागे पडलेल्या डिस्कवर प्रत पुन्हा भरणं) पूर्ण होऊ द्या, आणि त्यानंतरच अदलाबदल करा. शेवटी दोन्ही परत लावल्यावर पुन्हा रिसिल्व्हर पूर्ण होऊ द्या. त्यानंतरच पानांच्या डिस्क लावून पूल इंपोर्ट करा. पूल नव्या रचनेत नेणारं झेडपूल अपग्रेड लगेच करू नका, जुनी प्रणाली मग तो पूल उघडू शकत नाही आणि कपाटातल्या डिस्कचा उपयोग उरत नाही.

परतीचं तिकीट त्याच संध्याकाळचं काढू नका. कोणता प्रिंटर जोडायचा राहिला, हे दुसऱ्या दिवशी सकाळी छपाई सुरू झाल्यावरच कळतं.