चौघांत पहिला कोण?

परवा दुपारी गुंड्याने दुधीभात खाल्ला.

११ वर्षांत पहिल्यांदा. एरवी भातात दही कालवा, अंडं फोडा, हा पठ्ठ्या दुधीची प्रत्येक फोड जिभेने वेगळी काढून भांड्याच्या कडेला रचून ठेवणार. परवा मात्र भांडं लख्ख. कारण दारात मिरी बसून टक लावून बघत होती.

मिरी ४ महिन्यांची, काळी कुळकुळीत. मैत्रिणीच्या पार्किंगमध्ये सापडली आणि इंजेक्शनं पूर्ण होईपर्यंत तिच्याकडेच राहिली. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं: पहिली भेट घरात नको, दोघांनाही परक्या जागी न्या, पट्टे सैल धरून शेजारी शेजारी चालवा. भांडी वेगळी ठेवा. आणि म्हातारा गुरगुरला तर त्याच्यावर ओरडू नका. ते त्याचं बोलणं. ते बंद केलंत, तर एक दिवस न बोलता चावेल.

टेकडीच्या पायथ्याशी सगळं सुरळीत झालं. गुंड्याने तिला हुंगलं, शेपूट हलवलं, झाडावर पाय वर केला. पाहुणी जिना चढून आपल्या मागोमाग घरात शिरते आणि रात्रीची जेवणं झाली तरी जायचं नाव घेत नाही, हे लक्षात आल्यावर मात्र तो सोफ्याखालून गुरगुरायला लागला. मिरी चटकन उताणी, पोट वर. आई म्हणाली, "अरे, सवत आल्यासारखं काय करतोस!" डॉक्टरांचं ऐकून बाकी कोणी काही बोललं नाही.

आजोळी देवघरात दत्ताची तसबीर होती. मागे गाय, पायाशी चार कुत्री. मला दत्तापेक्षा त्या कुत्र्यांचंच कौतुक. चौघं इतकी गुण्यागोविंदाने कशी बसतात? मी आजीला विचारायचो, "यातलं पहिलं कुठलं आलं?" आजी वाती वळता वळता म्हणायची, "ते चार वेद आहेत रे, त्यांना कसलं आलंय पहिलं-दुसरं!" पुढे शाळेत ऋग्वेद सगळ्यांत जुना असं शिकलो, तेव्हा माझ्यापुरतं उत्तर मिळालं. यजुर्वेद आणला त्या दिवशी ऋग्वेद नक्की गुरगुरला असणार. अथर्ववेदापर्यंत दमला असेल बिचारा.

गुंड्याही दमलाय. परवापासून त्याची गोधडी मिरीकडे आणि तो फरशीवर. तिचे सुईसारखे दात त्याच्या कानात असतात आणि हा डोळे मिटून पडलेला.

त्याला सोबत हवी म्हणून दुसरं आणलं, असं आम्ही सगळ्यांना सांगतो. काल आई फोनवर मावशीला सांगत होती, "तो आहे तोवर हिला घरचं वळण लागेल गं." मी टीव्हीचा आवाज वाढवला.

आज सकाळी मिरीने दुधीच्या फोडी भांड्याच्या कडेला रचून ठेवल्या होत्या.