तुम्ही विचारलंत म्हणून: ओढ्यातले दगड उलटून काय कळतं?

"पाणी तर गारच आहे की, मग हवामान बदल दिसतो कुठे तुम्हाला?" महाबळेश्वरकडच्या वेण्णा खोऱ्यातल्या आमच्या ओढ्यात, दगडांखालचे किडे बघायला गुडघाभर पाण्यात वाकलेली दिसले की कुणी ना कुणी हे विचारतंच, परवा तर एका काकांनी मासे गावतात का तेही विचारून घेतलं.

तर ऐका. आपल्या हाताला गार लागतं ते किड्याला पुरेल असं नाही, त्याला पाण्यातला ऑक्सिजन लागतो आणि पाणी तापलं की तो घटतो. 20 अंशांचं पाणी लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन धरतं, 25 ला जेमतेम सव्वाआठ, आणि डोंगरावर हवा विरळ म्हणून त्याहूनही कमी. दगड उचलला की चपटी, तीन शेपट्यांची मेफ्लाय नावाच्या किड्याची अळी तिरकी पळते, शेजारी कॅडिसफ्लाय या दुसऱ्या किड्याची अळी वाळूचे कण चिकटवून केलेल्या नळीत गपचूप बसलेली असते. थर्मामीटर आत्ताचं सांगतो, ही मंडळी आहेत की नाहीत यावरून गेल्या काही महिन्यांचं कळतं.

पाणी तापलं तर किडे वर सरकतील म्हणावं, पण सरकणार कुठे? हिमालयात वर जागा तरी आहे, आपलं कळसूबाईच 1646 मीटर, महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास, त्याच्या वर ओढाच नाही! मला खरी धास्ती याची आहे.

तापमानाला लॉगर लावतो, म्हणजे आपोआप तापमान नोंदवत राहणारं यंत्र, काडेपेटीएवढं, दगडाला तारेने बांधून. एका एप्रिलमध्ये त्याचा ग्राफ येडा झाला, पहाटे 16 नि दुपारी 33, मी म्हटलं बिघडला, चार शिव्या हासडल्या, जाऊन बघते तर ओढाच आटलेला आणि लॉगर बिचारा हवा मोजत बसलेला. म्हणजे ओढा कुठल्या दिवशी आटला ती तारीख आयती मिळाली की! आता ती दरवर्षी वहीत लिहितो, माझ्या मते आमच्याकडची सगळ्यात कामाची नोंद तीच.

पावसाचं उलटं. जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिमी पडला, ओढ्याचा तळ पार खरवडून निघाला, आमचे दोन लॉगर अजून सापडायचेत.

बाकी किडे कमी दिसले की लगेच हवामानावर ढकलू नका हां, स्ट्रॉबेरीवरची फवारणी आणि हॉटेलांचं सांडपाणीही त्याच ओढ्यात उतरतं. म्हणून एक जागा शेतांच्या वर, रानात ठेवलीये, तिथले कमी झाले तर फवारणीवर बिल फाडता येत नाही.

आणि हो काका, मासे आहेत, पण बोटाएवढे.